लवूभाऊ आणि बेहड्यातली बाळंतीण

आमच्या वाडीत लवू जामसूतकरांना विचारल्याशिवाय कुणी विहीर खणत नसे, मुलगी देत नसे आणि पेपरातल्या बातमीवर विश्वास ठेवत नसे. लवूभाऊ तीसएक वर्षं बोटीवर होते. निवृत्त होऊन वेळणेश्वराच्या अलीकडच्या आमच्या वाडीत कायमचे राहायला आले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि सगळं जग बघून झालं होतं. माझं किराणा दुकान तिठ्यावर आहे आणि दुकानासमोर एक बाकडं आहे. गिऱ्हाइकांसाठी केलेलं ते बाकडं लवूभाऊंनी आल्या आल्या आपलं केलं. मीही हरकत घेतली नाही, कारण त्यांना ऐकायला माणसं जमत आणि जमलेली माणसं जाताना काहीतरी घेऊन जात, निदान काडेपेटी.

लवूभाऊंचे दोन शब्द ठरलेले होते. "त्यात काय?" चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी शाळेत पडदा लावून सगळ्यांना दाखवलं. पोरं नाचली, मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. लवूभाऊ खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, त्यात काय, भर समुद्रात चंद्र याहून जवळ दिसतो. पलीकडच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला तेव्हा अर्धा तालुका बघायला लोटला. लवूभाऊ गेले नाहीत. त्यांनी जिवंत बघितले होते, कळपाने. खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, तर ते सुएझचा कालवा रुंद केल्यामुळे झालं, असं त्यांनी बसल्या जागी सांगितलं. आम्ही समाधानाने घरी गेलो. पाणी मचूळच राहिलं, पण कारण कळलं की ते तितकंसं लागत नाही.

एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की ते इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालणारे ऑइलर होते. जहाज पनामाच्या कालव्यातून जात होतं तेव्हा ते खाली पंपापाशी होते. सुएझलाही तेच. म्हणजे जग त्यांनी पाण्याच्या खालून, लोखंडी भिंतीच्या आतून बघितलं होतं. मग देवमाशांचा कळप कुठून दिसला, असा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. पण आमच्या बाकड्यावर प्रश्न पडून घ्यायची पद्धत नव्हती. लवूभाऊ उत्तरं द्यायचे, आम्ही घ्यायचो, आणि दर स्वातंत्र्यदिनाला शाळेत झेंड्याशेजारच्या खुर्चीवर त्यांना बसवायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. लवूभाऊ दुपारचा चहा घेत पडवीत बसले होते. घरामागून एकाएकी फस्सफस्स असा आवाज आला, वाफ सुटावी तसा. आयुष्य इंजिनात गेलेलं. त्यांनी मान न वळवता सांगितलं की रस्त्याच्या कामावर कॉम्प्रेसर आणलाय आणि त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. सावित्रीवहिनी सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कॉम्प्रेसर बेहड्यावर बसलाय."

बायकोची चूक दुरुस्त करावी म्हणून लवूभाऊ हातातल्या कपासकट मागे गेले.

त्यांच्या रिकाम्या गोठ्यामागे उतारावर एक जुना बेहडा आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या खोडाशी एक भलंमोठं काळंपांढरं पाखरू लटकून होतं, तो आवाज त्याच्याच पंखांचा. केळ्याएवढी पिवळी चोच आणि त्या चोचीवर आणखी एक चोच उपडी ठेवावी तसं शिंग. आमच्याकडे त्याला गरुड म्हणतात, पुस्तकात धनेश म्हणतात. तो मान मागे टाकायचा, गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकावर आणायचा आणि खोडाला द्यायचा. हो, खोडालाच. लवूभाऊंनी डोळे बारीक केले तेव्हा खोडातली ढोली चिखलासारख्या लिंपणाने बुजवलेली दिसली, मध्ये फक्त एक उभी फट, बोटाएवढी रुंद. त्या फटीतून दुसऱ्या एका चोचीचं टोक बाहेर आलं, उंबर घेतलं आणि आत गेलं. पुन्हा उंबर, पुन्हा टोक. झाड जेवत होतं.

बऱ्याच वेळाने वहिनी बघायला गेल्या तर लवूभाऊ तसेच उभे. चहा निवलेला, तोंड उघडं. त्यांनी हाक मारली, ओ नाही. दंडाला धरून हलवलं तर म्हणाले, "गप." त्यांच्या थोरल्या दिरांना अर्धांगाचा झटका आला होता तोही असाच उभ्या उभ्या. वहिनी धावत माझ्या दुकानात आल्या. मी शटर ओढलं, रिक्षा बोलावली, उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई भल्या. त्या स्कूटरवरून आल्या, लवूभाऊंना तिथेच झाडाखाली दगडावर बसवून रक्तदाब बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर करायला लावले. सगळं ठीक होतं. मग झालंय काय, असं त्यांनी विचारलं.

लवूभाऊ म्हणाले, "मला नाही माहीत."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. डॉक्टरीणबाईंना त्यातलं गांभीर्य कळलं नाही. त्यांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर लवूभाऊ आले ते प्रश्न घेऊनच. आत मादी असणार, पण तिला आत कुणी लिंपलं? मी म्हटलं, त्यात काय, नराने लिंपलं असणार. ते म्हणाले, तू बघितलंस? मी गूळ तोलायला लागलो. नर उंबर गळ्यात ठेवतो की पोटात? पोटात, तर मग ते पचत का नाही? काजऱ्याच्या फळाने बैल मरतो, आणि हा गरुड काजऱ्याचीच फळं खातो, मग मरत का नाही? बाकड्यावर चार माणसं होती. एकाने विषय बदलून मच्छीचा भाव काढला. लवूभाऊंनी त्यालाच विचारलं की काजऱ्याचं विष बीत असतं की गरात. तो उठून गेला. आठवडाभरात बाकडं रिकामं पडायला लागलं. काडेपेट्यांचा खप उतरला.

वाडीत बोललं जाऊ लागलं की लवूभाऊंचं डोकं उतरणीला लागलंय. आधी सगळं माहीत होतं, आता काहीच ठाऊक नाही. असं होतं म्हणे वयाने. कुणी वहिनींना बदामाचं तेल सुचवलं.

लवूभाऊ हायस्कूलवर गेले. तिथल्या विज्ञानाच्या ज्ञानेश्वरी मॅडम मूळच्या खेडच्या, दहावीच्या सराव परीक्षेच्या गडबडीत होत्या. त्यांनी आदराने खुर्ची दिली आणि सांगितलं, काका, पुस्तकात प्राण्यांच्या अनुकूलनावर धडा आहे, पण त्यात उंट आहे, धनेश नाही. आणि धडा दोनच गुणांना आहे. लवूभाऊंनी विचारलं, उंट तुम्ही बघितलाय का? मॅडम हसल्या. त्यांनी जुहूच्या वाळूत बघितला होता, मुलांना पाठीवर बसवून फिरवणारा. शेवटी ग्रंथालयातलं पक्ष्यांचं एक जाड पुस्तक त्यांनी काढून दिलं, आणि कुतूहल म्हणून शाळा सुटल्यावर त्याही बेहडा बघायला आल्या. पाऊण तास त्या मान वर करून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीच्या तासाला सराव पेपर बाजूला ठेवून धनेश शिकवला. पोरांनी इतके प्रश्न विचारले की पुढचा तासही त्यातच गेला, आणि अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्यांना समज दिली. चंद्रयानाला डोळे पुसणारे तेच मुख्याध्यापक.

पुस्तकातून लवूभाऊंना जे कळलं ते सांगायला ते घरी अक्षरशः पळत गेले. मी तेव्हा त्यांच्याकडे नारळ उतरवायला माणूस मिळेल का विचारायला गेलो होतो, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. वहिनी चुलीपाशी भाकऱ्या भाजत होत्या. लवूभाऊ म्हणाले की तो तिला कोंडत नाही, तीच आत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, स्वतःच्या विष्ठेने. आणि आत गेल्यावर पंखांची पिसं गाळून टाकते. म्हणजे मनात आलं तरी उडता यायचं नाही. तीन-चार महिने त्या अंधारात. बाहेर तो एकटा. तो आला तर ती जगणार, तो वाटेत मेला तर ती आणि पिल्लं आतच संपणार. एवढा भरवसा.

वहिनींनी भाकरी उलटली. "बरं."

"बरं काय? तुला नवल नाही वाटत?"

"तो रोज येतो ना?"

"रोज म्हणजे? दिवसातून कितीतरी वेळा येतो."

"मग त्यात काय?" वहिनी म्हणाल्या.

माझं नारळाचं काम होतं, पण ते मी विचारलंच नाही. लवूभाऊ पुस्तकात बोट घालून तसेच उभे राहिले. वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरोखर हिशेब मांडल्यासारखं बोलल्या होत्या, आणि पुढची भाकरी उलटायला लागल्या होत्या. लवूभाऊ एकदा बोटीवर गेले की नऊ-नऊ महिने येत नसत. सानिकाचा जन्म त्यांना ब्राझीलच्या बंदरात तारेने कळला, आणि ती तार त्यांच्या हातात पडली तेव्हा पोरगी पालथी पडायला लागली होती.

थोड्या वेळाने ते खाली पाटावर बसले आणि त्यांनी विचारलं, "मी नसायचो तेव्हा तू काय करायचीस?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आता विचारताय?"

मी निघालो. पुढचं मला लवूभाऊंनीच नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं, कारण वहिनींनीही त्यांना ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. एक दिवस सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल. एक दिवस दाभोळला फेरीबोटीने जाऊन शिवण शिकल्या त्याबद्दल. लवूभाऊ धनेशापाशी बसत तसेच चुलीपाशी बसायला लागले, न हलता. आणि एक दिवस ते तणतणत माझ्या दुकानात आले.

"सावित्री ग्रामपंचायतीला उभी होती?"

मी म्हटलं, "हो. छत्री चिन्ह होतं. थोडक्यात पडल्या."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या वाडीला माहीत आहे, लवूभाऊ. मी पोस्टरं लावली होती. या भिंतीवर."

ते भिंतीकडे बघत राहिले. तिथे आता साबणाची जाहिरात आहे. मग त्यांनी सांगितलं की आपण वहिनींना विचारलं, तू मला का नाही बोललीस. तर त्या म्हणाल्या, तुम्ही त्या वर्षी दोन महिने सुट्टीवर आला होता आणि दोन्ही महिने ब्राझीलबद्दल बोलत होता, मध्ये फट सापडली नाही. हे सांगताना लवूभाऊंना रागवावं की हसावं ते कळेना. बाकड्यावर बसले. मी त्यांना चहा दिला. निवडणुकीत कुणीकुणी वहिनींविरुद्ध काम केलं ते त्यांनी बारकाईने विचारलं, आणि मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं, माझ्या मेहुण्याचं नाव सोडून.

एव्हाना धनेशाची बातमी सरपंचांपर्यंत पोचली होती. आमचे सरपंच शुभंकर तरुण आहेत, धडाडीचे आहेत, आणि पर्यटनावर त्यांचा फार विश्वास आहे. त्यांनी मोबाइलवर टाकलं आणि पुढच्या रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्या तिठ्यावर लागल्या. माझं पाणी, बिस्किटं सगळं संपलं. मी शुभंकरला मनापासून दुवा दिला.

माहिती सांगायला अर्थात लवूभाऊ. शुभंकरने त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली आणि हातात भोंगा दिला. पाहुण्यांनी विचारलं, पिल्लं किती आहेत? लवूभाऊ म्हणाले, माहीत नाही. तिला आतला अंधार सोसवतो कसा? माहीत नाही, मलाही तेच विचारायचंय, तुमच्यात कुणाला ठाऊक आहे का? पाहुणे नाराज झाले. एवढ्या लांबून पेट्रोल जाळून आलेल्या माणसाला अज्ञान ऐकायचं नसतं, ते त्याच्याकडे घरी असतं. दुपारी शुभंकरने भोंगा स्वतःकडे घेतला. नर हा संशयी असतो, म्हणून मादीला कोंडून ठेवतो, असं त्याने सांगितलं, आणि लोक पोट धरून हसले. मग प्रत्येकाने फटीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला. एका कुटुंबाने फटीत केळं घालायचा प्रयत्न केला.

त्या दिवशी नर आला तो लांबच्या ऐनाच्या झाडावर बसून राहिला. उंबर गळ्यात तसंच. दुसऱ्या दिवशीही गाड्या होत्याच. सुट्ट्या जोडून आल्या होत्या. लवूभाऊ लोकांना हात जोडून सांगत होते की जरा मागे सरका, तो येत नाहीये, आत ती उपाशी आहे. लोक म्हणत, हो काका, एकच फोटो. तिसऱ्या दिवशी सकाळी लवूभाऊ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. नर उजाडल्यापासून एकदाच येऊन गेला होता, आणि तोही खोडाला न टेकता. त्यांनी शुभंकरला फोन लावला. शुभंकर म्हणाला की पुढच्या रविवारी तिथे महोत्सव ठरवलाय, मांडववाला बघायला येतोय.

मांडववाला आला तेव्हा वहिनी कोयता घेऊन परसवातल्या वाटेवर उभ्या होत्या. ती वाट त्यांच्याच जमिनीतून जाते हे सगळे विसरले होते, लवूभाऊसुद्धा. वाटेच्या तोंडाशी बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, होतं, ते त्यांनी ओढून घेतलं आणि करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून त्याच्यापुढे रचल्या. शुभंकर मोटारसायकलवरून आला. काकी, गावाचा विकास आहे, असं काहीतरी तो बोलायला लागला. आम्ही दहा-बाराजण जमलो होतो.

वहिनी म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत मांडव घालत नाहीत, शुभंकर. तुझ्या आईला विचार, तुझ्या वेळेस मी दाराशी बसले होते."

शुभंकरने आमच्याकडे पाहिलं. तेवढ्यात गाडीतून उतरलेल्या दोघा पाहुण्यांनी काट्यांचा फोटो काढला. मांडववाला मापाची टेप न उलगडताच गेला. दुपारी चारच्या सुमारास फस्सफस्स आवाज झाला. लवूभाऊ पडवीत होते. ते उठले नाहीत. दोघं नवराबायको तिथूनच ऐकत बसले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मेमध्ये सानिका पनवेलहून चार दिवस यायची होती. तिला आणायला लवूभाऊ खेड स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली. आणि नेमक्या त्याच सकाळी बेहड्यातली भिंत फुटली. तीन महिने जो माणूस रोज त्या झाडाखाली बसला तो फलाटावर वडापाव खात होता, आणि वहिनी गोठ्यात लाकडं आणायला गेल्या होत्या म्हणून त्यांना सगळं दिसलं. लवूभाऊ घरी आले तेव्हा फट म्हणजे भगदाड झालं होतं आणि झाड रिकामं होतं.

सानिकाने मला सांगितलं की बाबा रडतील असं तिला वाटलं होतं. ते रडले नाहीत. त्यांनी आईला पायरीवर बसवलं आणि विचारलं, सांग. आईने सांगायला सुरुवात केली. आधी चोच, मग ढेकूळ पडलं, मग ती बाहेर आली तेव्हा किती मळकी होती, किती बावचळलेली होती, फांदीवर कशी धडपडली, पिल्लाला कसा उजेड सोसवेना. आई दोन्ही हातांनी पंख करून दाखवत होती. सानिका म्हणाली, आई एवढं सलग बोलताना मी कधी बघितलीच नव्हती, आणि बाबा एवढे गप्प. मध्ये एकदाही ते म्हणाले नाहीत की मी याहून मोठं पाखरू सिंगापूरला बघितलंय.

महोत्सव झालाच, डिसेंबरात, शाळेच्या मैदानावर. पाखरू नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही. शुभंकरने प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स लावला होता. छपाईवाल्याने इंटरनेटवर 'गरुड' शोधून चित्र घेतलं होतं, त्यामुळे बाकदार चोचीचा खराखुरा गरुड सगळ्यांचं स्वागत करत होता. ज्ञानेश्वरी मॅडमनी ते दाखवून दिलं, तेव्हा शुभंकर म्हणाला, मॅडम, चित्रामागचा भाव बघा. लवूभाऊंना व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. वहिनींना बोलावलं होतं, सत्कार म्हणून शाल दिली. पंचायतीची निवडणूक जवळ आली आहे आणि आमच्या वाडीची जागा आता बायकांसाठी राखीव झाली आहे. वहिनी उभ्या राहणार का, हे त्यांना विचारायला तीन पक्षांची माणसं येऊन गेली. त्यांनी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. लवूभाऊंनी विचारलं होतं, त्यांनाही नाही.

माझ्या बाकड्यावर आता परळहून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ बसतात. त्यांना सगळं माहीत आहे. माणसं पुन्हा जमायला लागली आहेत. झेंड्याशेजारची खुर्चीही त्यांचीच झाली. लवूभाऊ जाता-येता थांबतात, पण बसत नाहीत. परवा थांबले ते माझ्या मिठाच्या पोत्याकडे बघत. हवेत दमटपणा आला की मिठाचं पोतं पाझरतं, शेजारचं साखरेचं तितकं पाझरत नाही, दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी, मग असं का, असं त्यांनी विचारलं. मी तीस वर्षं ते पोतं पुसतो आहे. मी म्हटलं, त्यात काय, मीठच ते. ते मान हलवून पुढे गेले.

मग मी चिमूटभर मीठ आणि चिमूटभर साखर दोन झाकणांत घेऊन गल्ल्यावर ठेवली आणि बघत बसलो. कुणीतरी दोनदा तेलाची पिशवी मागितली म्हणे. मला ऐकू आलं नाही. ते गिऱ्हाईक वरच्या दुकानात गेलं.